गाठ, शीर आणि एकवीस दिवस



 लिम्फोमा नावाचा कर्करोग आणि तो बरा करणारी, शिरेतून द्यायची औषधं, असा आजचा विषय आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं बोलणं तिच्यावरच उभं आहे. हा रोग पुष्कळदा पूर्ण बरा होतो. मानेत, छातीत, पोटात सगळीकडे पसरलेला असतानाही बरा होतो. फुफ्फुसाचा किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग असा पसरला की रुग्णाच्या घरच्यांशी बोलताना मला शब्द तोलून वापरावे लागतात. लिम्फोमाच्या बाबतीत मी त्यांना समोर बसवून सांगू शकतो की आपण हा रोग घालवण्यासाठी उपचार करतो आहोत, नुसते दिवस वाढवण्यासाठी नाही. आणि म्हणूनच या रोगाने एखादा माणूस केवळ उशिरामुळे किंवा उपचार अर्धवट सोडल्यामुळे गेला, तर ते मला सहन होत नाही.

आपल्या अंगात शेकडो लसिका ग्रंथी असतात. मानेत, काखेत, जांघेत, छातीत, पोटात. एरवी त्या हाताला लागत नाहीत. पायात काटा मोडला, जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं. घसा आला की जबड्याखाली गाठ येते. तिथल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढण्यासाठी वाढलेल्या असतात. काम झालं की गाठ बसते. लिम्फोमात यातल्याच एखाद्या पेशीच्या जनुकांत बिघाड होतो आणि ती विनाकारण वाढत सुटते. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या टॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं. त्यांच्या नावाचा एक प्रकार आणि बाकीचे सगळे ‘नॉन-हॉजकिन’, अशी ढोबळ विभागणी आजही चालते. प्रकार पन्नासहून अधिक आहेत. काही इतके संथ असतात की वर्षानुवर्षं औषधाशिवाय नुसतं लक्ष ठेवावं लागतं. काही आठवड्या-आठवड्याला वाढतात. या वेगाने वाढणाऱ्यांत सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे ‘डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा’. मी मुख्यतः त्याच्याबद्दल बोलणार आहे.

समजा, इथल्याच जिते, हमरापूर, पेण परिसरातल्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात काम करणारा पंचेचाळिशीचा माणूस आहे. डोळ्यांची आखणी हे त्याचं काम. त्याच्या मानेत उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली. दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष झालं. महिन्याभरात दुसरी आली. संध्याकाळी कसकस, रात्री गंजी पिळून काढावी इतका घाम, आणि पँट कमरेत सैल. आता ही लक्षणं मी इथे कुणालाही सांगितली तर उत्तर एकच येईल: टीबी. आणि ते उत्तर चुकीचं म्हणता येत नाही. आपल्या देशात मानेतल्या गाठीचं टीबी हे खरोखरच नेहमीचं कारण आहे. अडचण अशी की ताप, घाम आणि वजन घटणं ही तिन्ही लक्षणं दोन्ही रोगांत सारखीच असतात. नुसत्या अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू होतात, दोन-तीन महिने जातात, गाठी वाढतच राहतात, मग ‘गोळ्या लागू पडत नाहीत’ म्हणून औषध बदललं जातं. तोवर छातीतल्या गाठी श्वासनलिकेवर दाब देऊ लागलेल्या असतात.

याहून फसवी गोष्ट म्हणजे स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन दिलं की लिम्फोमाची गाठ चार-आठ दिवसांत उतरते, ताप जातो, भूक लागते. घरात आनंदीआनंद होतो. पण रोग गेलेला नसतो, आणि त्यानंतर तुकडा काढून तपासला तर त्यात काही स्पष्ट दिसत नाही. म्हणजे निदानाची वाटच बुजते. तुकडा तपासून होईपर्यंत गाठीवर स्टेरॉइड नको, हे मी डॉक्टरांच्या बैठकांतही सांगतो आणि इथेही सांगतो. जीव धोक्यात असेल तेव्हाची गोष्ट वेगळी.

तुकड्याबद्दलही दोन शब्द. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. लिम्फोमाच्या बाबतीत त्याला काहीही आधार नाही. उलट इथे नुसती सुई घालून काढलेल्या पाण्यावर भागत नाही. शक्य असेल तर अख्खी गाठ काढून द्यावी लागते, कारण पेशी कशा आहेत याबरोबर त्यांची मांडणी कशी आहे हेही पाहायचं असतं. मग त्या तुकड्यावर वेगवेगळ्या रसायनांनी रंग चढवून पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणा शोधतात. ‘सीडी २०’ ही अशीच एक खूण. ती सापडली तर एक मोठं औषध उपलब्ध होतं. त्याकडे पुढे येतो. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये परळला सुरू झालं, तेव्हा त्याच्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस. रोगाला नाव दिल्याशिवाय औषध नाही, ही शिस्त त्या पिढीने या देशात रुजवली. आपल्याकडे अजूनही औषध आधी आणि नाव मागून असं घडतं, याची मला खंत वाटते. तुकड्याचा मेणात बसवलेला ठोकळा आणि काचपट्ट्या जपून ठेवायच्या असतात. रिपोर्टबरोबर त्या मागून घ्या, मोठ्या रुग्णालयात पुन्हा तपासायला लागतात.

आता औषधांकडे वळतो. ही औषधं आली कुठून, ते ऐकण्यासारखं आहे.

पहिलं औषध युद्धातून आलं. पहिल्या महायुद्धात वापरलेल्या मस्टर्ड वायूने सैनिकांच्या कातडीवर फोड येत आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा होत. येल विद्यापीठातले लुईस गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी त्यातून प्रश्न काढला: जे विष चांगल्या पांढऱ्या पेशी मारतं, ते वेड्यासारख्या वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींना मारेल का? आधी उंदरावर प्रयोग झाला. मग ऑगस्ट १९४२ मध्ये लिम्फोमाच्या एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड शिरेतून टोचलं गेलं. नोंदींत त्याचा उल्लेख ‘जे. डी.’ एवढाच आहे. तोंड उघडता येत नव्हतं, मान वळवता येत नव्हती, असा तो रुग्ण काही दिवसांत जेवू लागला. गाठी विरघळल्या. पण औषधाची मात्रा, दोन डोसांमधलं अंतर, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गाठी परत आल्या आणि १ डिसेंबर १९४२ रोजी तो गेला. काम युद्धाशी निगडित म्हणून गुप्त ठेवलं गेलं. ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झालं. पुष्कळ पुस्तकांत या शोधाचं श्रेय इटलीतल्या बारी बंदरावरच्या हल्ल्याला दिलेलं आढळतं. २ डिसेंबर १९४३ च्या त्या हल्ल्यात मस्टर्ड बॉम्ब भरलेलं अमेरिकी जहाज फुटलं, ६२८ जण त्या विषाने रुग्णालयात आले आणि ८३ दगावले. त्या मृतांच्या तपासणीने शास्त्रज्ञांची खात्री वाढली, हे खरं. पण येलचा रुग्ण त्याच्या वर्षभर आधीचा आहे. त्या अनाम माणसाचं देणं आपण विसरू नये. जर्मनीत नॉर्बर्ट ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मस्टर्डपासून शरीराला जास्त सोसणारं सायक्लोफॉस्फामाइड बनवलं, आणि ते आजही लिम्फोमाच्या सलाईनमध्ये असतं.

दुसरं औषध तुमच्या दारात फुललेलं आहे. सदाफुली. हे झाड मूळचं मादागास्करचं, पण आता तुळशी वृंदावनाशेजारी, स्मशानाच्या भिंतीला, स्टेशनाच्या कुंपणाला, कुठेही दिसतं. जमैकात मधुमेहावर त्याचा पाला वापरत. तो पाला कॅनडातल्या रॉबर्ट नोबल यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी उंदरांना त्याचा अर्क टोचला. साखर काही उतरली नाही, पण उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. नोबल तिथे थांबले नाहीत. चार्ल्स बीअर या रसायनतज्ज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन वेगळं काढलं. त्याच झाडातून एली लिली कंपनीच्या शास्त्रज्ञांनी व्हिन्क्रिस्टिन काढलं आणि १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. शेकडो किलो सुक्या पाल्यातून जेमतेम ग्रॅमभर औषध निघतं, आणि रुग्णाला एका वेळी लागतं जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम. हे ऐकून कुणी सदाफुलीची पानं चावायला लागेल, म्हणून स्पष्ट सांगतो: तसं करू नका. पोटातून हे द्रव्य नीट शोषलं जात नाही, किती पोटात गेलं याचा हिशोब राहत नाही, आणि ते विषारी आहे. पाला खाऊन लिम्फोमा बरा होत नाही. उपचाराचे महिने मात्र हातचे जातात.

तिसरं औषध मातीतलं. इटलीतल्या कास्तेल देल मोंते या जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत एक सूक्ष्म जीव सापडला. तो लालभडक रंग तयार करत होता. त्यातून आधी डाउनोरुबिसिन आणि मग डॉक्सोरुबिसिन मिळालं. हा किल्ला ज्या पुलिया प्रांतात आहे, त्याच प्रांतात बारी बंदर आहे. एकाच मुलुखात समुद्राकाठी तो संहार झाला आणि आतल्या डोंगरावर हे औषध सापडलं.

सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या या चौघांची ‘चॉप’ नावाची जुळणी १९७० च्या दशकात बसली. त्यानंतर सहा-सहा, आठ-आठ औषधांच्या किती तरी भारी जुळण्या निघाल्या. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवलं की त्यातली एकही चॉपपेक्षा जास्त जीव वाचवत नाही, त्रास मात्र जास्त देते. महागडं ते चांगलं असं मानणाऱ्या आपल्या सगळ्यांनी हा निकाल लक्षात ठेवायला हवा. खरी भर पडली ती रिटुक्सिमॅबने. सीडी २० ही खूण ओळखून तिला चिकटणारं हे प्रतिपिंड-प्रथिन. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली, आणि २००२ मध्ये फ्रेंच गटाच्या चाचणीने सिद्ध केलं की चॉपला ते जोडलं तर साठीपुढच्या रुग्णांतही जास्त जण वाचतात. तेव्हा ते आपल्याकडच्या सामान्य घराला झेपणारं नव्हतं. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने तेच औषध स्वतः बनवून बाजारात आणलं. अशा प्रकारच्या औषधाची जगातली ती पहिली समरूप आवृत्ती. या एका घटनेने आपल्या वॉर्डांचं चित्र पालटलं. आज या पाच औषधांनी डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमाचे साधारण दहापैकी सहा रुग्ण कायमचे बरे होतात.

आपला आखणी करणारा माणूस आता डे-केअर वॉर्डात येतो. त्याआधी हृदयाचा टू-डी इको झालेला असतो, कारण डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूला दुबळं करू शकतं आणि त्याच्या जन्मभराच्या एकूण मात्रेला मर्यादा आहे. हिपॅटायटिस बी ची तपासणीही झालेली असते. रिटुक्सिमॅबने यकृतात दबून बसलेला तो विषाणू उसळू शकतो. उंची आणि वजन मोजून शरीराचं क्षेत्रफळ काढतात, त्यावर प्रत्येक औषधाची मात्रा ठरते. म्हणून वजन अंदाजाने सांगू नका, काट्यावर उभे राहा.

सकाळी रिटुक्सिमॅब सुरू होतं. पहिल्या वेळी थेंब अगदी सावकाश सोडतात. थंडी वाजून हुडहुडी भरू शकते, रक्तदाब उतरू शकतो. सिस्टर दर थोड्या वेळाने नाडी, ताप, रक्तदाब पाहते. यात अर्धा दिवस जातो. मग लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन. हे प्रथम पाहणारा माणूस दचकतो. सिस्टर आधी शीर चालू आहे का ते पाहते: सिरिंज किंचित मागे ओढून नळीत रक्त येतं की नाही. ते आलं की सलाईन चालू ठेवून लाल औषध हळूहळू पुढे ढकलते, थांबते, पुन्हा रक्त येतं का बघते. हे औषध शिरेबाहेर कातडीखाली गेलं तर मांस जळतं. जखम महिनोन्‌महिने भरत नाही. त्यामुळे टोचलेल्या जागी जरा जरी आग झाली, तरी ‘सिस्टरला कशाला त्रास’ असा संकोच करायचा नाही. हाक मारायची. पुढचा दिवसभर लघवी लाल होते. ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. घाबरून पेणच्या दवाखान्यात धावायचं कारण नाही.

व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेतच द्यायचं असतं. काही लिम्फोमांत पाठीच्या मणक्यातूनही दुसरं एक औषध द्यावं लागतं. जगात अनेक ठिकाणी या दोन सिरिंजांची अदलाबदल झाली आणि व्हिन्क्रिस्टिन मणक्यात गेलं. असं झालेला रुग्ण बहुतेक वेळा वाचत नाही. म्हणून २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बजावलं की हे औषध सिरिंजमध्ये भरूच नका, सलाईनच्या लहान पिशवीत मिसळा; पिशवी कुणी मणक्याला लावणार नाही. चांगल्या वॉर्डात दोन सिस्टर मिळून नाव, औषध, मात्रा मोठ्याने वाचतात. तुमच्यासमोर त्या वाचत असतील तर तुम्हीही ऐका, आणि नाव चुकलं तर लगेच सांगा.

याच औषधाने बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. शेतकऱ्याला ते जेमतेम जाणवेल. पण ज्याची रोजीरोटी मूर्तीच्या डोळ्यातल्या एका रेषेवर आहे, त्याच्यासाठी हा मोठा प्रश्न आहे. शर्टाचं बटण लावताना चाचपडायला होतंय का, ब्रशची पकड सुटते का, हे त्याने दुसऱ्या-तिसऱ्या सायकललाच, म्हणजे उपचाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीलाच, सांगायला हवं, म्हणजे मात्रा कमी करता येते. डॉक्टरनेही ‘काय काम करता’ हे विचारायला हवं. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो, धंदा न विचारता व्हिन्क्रिस्टिन लिहू नका. आणि बद्धकोष्ठही याच औषधाचं. त्यासाठी औषध पहिल्या दिवसापासून घ्यायचं, त्रास व्हायची वाट पाहायची नाही.

हे सगळं दर २१ दिवसांनी, असं सहा वेळा. या एकवीस दिवसांबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, कारण माणसं इथेच सुटतात.

एक घन सेंटिमीटरच्या, म्हणजे बोराएवढ्या गाठीत सुमारे १०० कोटी पेशी असतात. समजायला सोपं जावं म्हणून असं धरू की एका सायकलने शंभरातल्या नव्याण्णव मेल्या. उरल्या एक कोटी. एक कोटी पेशींची गाठ हाताला लागत नाही. रुग्ण मान चाचपतो, गाठ नाही. ताप गेला, भूक आली. पण एक कोटी पेशी आत आहेत आणि पुढच्या सलाईनपर्यंत त्या थोड्या वाढणारही आहेत. अमेरिकेतल्या हॉवर्ड स्किपर यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत हेच दाखवलं: प्रत्येक डोस ठरावीक प्रमाणात पेशी मारतो, ठरावीक आकड्याने नाही. म्हणून शून्याच्या जवळ जायला डोस पुन्हा पुन्हा आणि वेळेवर द्यावे लागतात. भाताची बेणणी अर्ध्या शेतात करून घरी आलेला शेतकरी इथे कुणी नाही. तरी तिसऱ्या सायकलनंतर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून उपचार सोडणारी माणसं आहेत.

मग रोज का देत नाहीत? कारण ही औषधं वाढणाऱ्या सगळ्याच पेशींना मारतात. केसांच्या मुळांना, तोंडाच्या आतल्या कातडीला आणि हाडाच्या मगजाला. सलाईननंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. एकविसाव्या दिवसापर्यंत मगज सावरतो. सावरण्याआधी दिलं तर रुग्ण जंतुसंसर्गाने दगावेल. सावरल्यावर उगाच थांबलं तर रोग सावरेल. हा कालावधी कुणी पंचांग पाहून ठरवलेला नाही. आपल्या माणसाची पहिली सायकल आषाढात झाली, तर पुढच्या सायकली कारखान्याच्या ऐन घाईत येणार. ‘गणपती झाले की येतो’ हे वाक्य मी या भागातल्या रुग्णांकडून पुष्कळदा ऐकलं आहे. त्यामागची अडचण मला कळते. वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांत होते. म्हणून माझी कारखानदारांना विनंती आहे, अशा माणसाला सलाईनच्या दिवशी सुटी आणि त्या आठवड्याचा पगार द्या. त्याने तारीख चुकवू नये, ही जबाबदारी त्याच्या एकट्याची नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचं नाव मिळालं, आणि २०२३ मध्ये संरक्षण कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. किमोथेरपी त्यात आहे. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. कुठलं औषध बसतं, कुठलं बसत नाही, हे पहिल्याच दिवशी त्याच्याकडून लिहून घ्या. रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्या. औषधाच्या खर्चाहून फिरण्याचाच खर्च कधी कधी भारी पडतो. जित्याहून आपटा, रसायनी, सोमाटणे करत पनवेल आणि तिथून खारघर, हा प्रवास परळच्या मानाने सोपा. खारघरला टाटा स्मारक केंद्राचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ २००२ पासून आहे. तरी या मार्गावर गाड्या मोजक्या, आणि सायकलच्या दिवशी परतीची वेळ आपल्या हातात नसते. परळला जावंच लागलं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी आजवर असंख्य कुटुंबांना आसरा दिला आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचं डे-केअर केंद्र काढण्याची घोषणा झाली. अलिबागला ते व्हावं यासाठी या तालुक्याने आवाज उठवला पाहिजे. मात्र नुसत्या खाटा आणि सलाईनचे स्टँड मागू नका. औषध मिसळण्यासाठी बंदिस्त कपाट आणि लाल औषध देताना नळीत रक्त येतं का ते पाहणारी प्रशिक्षित सिस्टर मागा. तिच्याशिवाय जवळचं केंद्र लांबच्या केंद्रापेक्षा धोक्याचं ठरेल.

दहातल्या ज्या चार जणांना या उपचाराने कायमचा गुण येत नाही, त्यांच्यासाठीही वाटा आहेत. १९८३ मध्ये टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत असलेल्या या डॉक्टरांनी उघडलेली ती वाट लिम्फोमा उलटलेल्या रुग्णांसाठी आज रोजची झाली आहे. आणि अलीकडे मुंबई आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांना लिम्फोमा ओळखायला शिकवून पुन्हा शिरेतून सोडण्याचा उपचार देशातच घडवला. त्याची पहिली रुग्ण-चाचणी खारघरलाच २०२१ मध्ये झाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तो देशाला अर्पण केला. किंमत अमेरिकेच्या सुमारे एक दशांश, तरीही चाळीस लाखांच्या घरात. तुमच्या स्टेशनापासून इतक्या जवळ हे घडलं, याचा अभिमान वाटावाच. पण मला त्याहून जास्त हवं आहे ते हे, की त्या चाळीस लाखांची वेळच कमीत कमी लोकांवर यावी. त्यासाठी सहा साध्या सायकली वेळेवर पुऱ्या व्हाव्या लागतात.

शेवटी तापाबद्दल. सलाईननंतरच्या दुसऱ्या आठवड्यात रुग्णाला १००.४ अंशांच्या वर ताप आला, तर ती आणीबाणी असते. पांढऱ्या पेशी नसल्याने पू होत नाही, सूज येत नाही, खोकलाही फारसा नसतो. ताप ही एकच खूण. तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहिली तर सकाळपर्यंत रक्तदाब कोसळलेला असू शकतो. लिम्फोमा जवळजवळ गेलेला माणूस अशा एका रात्रीत जातो. हा ताप पावसाळ्यात रात्री दोनलाही येतो, तेव्हा ट्रेन नसते आणि रुग्णवाहिकेची वाट पाहण्यात वेळ जातो.

म्हणून माझी जित्याच्या ग्रामस्थांना विनंती आहे. तीन आठवड्यांहून जास्त राहिलेली, न दुखणारी गाठ कुणालाही असली तर त्याला तुकडा तपासायला लावा, एवढं आशा सेविकांनी घरोघर सांगावं. गावात कुणाची किमो चालू असेल तर त्या घरात थर्मामीटर आहे का, ते बघा. आणि रात्री-अपरात्री गाडी काढतील अशी दोन माणसं गावाने ठरवावीत, त्यांचे फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. आज इथून उठण्यापूर्वी ती दोन नावं ठरली, तर मी इथे येऊन बोललो त्याचा उपयोग झाला असं मी मानेन.